रावेरच्या सरांना, एका दाताबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

"ताई, घरातल्या माणसाचे कुणी आभार मानतं का?" असं म्हणून तुम्ही माझं तोंड बंद केलंत. वर नाव कुठं छापायचं नाही, असंही बजावलंत. नावाचं पाळते. आभाराचं मात्र पाळणार नाही, आणि ते चारचौघांत मानणार आहे. गेल्या वर्षभरात माझ्या या नाणी जमवायच्या छंदाला लोक हसले, तेही चारचौघांतच.

माझी वही तुम्ही पाहिलीत, पण ती भरली कशी हे सांगायला त्या दिवशी सवड झाली नाही. गेल्या पोळ्याच्या सुमारास सासूबाईंचा जुना पितळी डबा उघडला. त्यात मूठभर चिल्लर आणि रुपयांची एक माळ निघाली. मी केळीच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहिते. गाडी कुठून भरली, भाडं किती, हमाली किती, ड्रायव्हरची उचल किती, हे दिवसभर चालतं. हाताला वहीचीच सवय, म्हणून चिल्लरसुद्धा वहीत चढवली. एका नाण्याला एक पान. वजन, धातू, साल, टाकसाळीची खूण, आणि शेवटी एक रकाना माझा स्वतःचा: ते नाणं देणारं माणूस देताना काय बोललं.

त्या शेवटच्या रकान्यानंच मला वेड लावलं. नाणी जमवणारे बहुतेक जण महागडी नाणी शोधतात. मला ती परवडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेवढी आवडतही नाहीत. मला लोकांच्या डब्यातली लागतात. सासूबाई आधी म्हणायच्या, "पैसे देईसन पैसेच इकत घेते, काय वं हे खूळ!" आता त्याच शेजारणींना सांगून माझ्यासाठी नाणी गोळा करतात.

समोरच्या आजींनी भोकाचा पैसा दिला. महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून १९४३ पासून सरकारनं पैशाच्या मधलं तांबंच काढून टाकलं, तो हा पैसा. आजी म्हणाल्या, धाकट्या भावाच्या करदोड्यात ओवलेला होता, भाऊ राहिला नाही, पैसा राहिला. लिहून घेतलं. बाजारपेठेतल्या एका जुन्या किराणा दुकानदारांनी चवल्या, पावल्या, अधेल्या दिल्या आणि त्यांच्यासोबत १९५७ सालचा एप्रिल महिना दिला. १ एप्रिलला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणा पडतो सव्वासहा पैशांना, आणि पाव पैसा तर कुठंच नाही. मग एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. ते तेव्हा गल्ल्यावर बसणारं पोर होते. म्हणाले, "गिऱ्हाईक एक-एक आण्याचं चार वेळा घेऊन गेलं तर चोवीस, आणि एकदम घेतलं तर पंचवीस. तो एक पैसा आमच्या बापानं कधी सोडला नाही." हिशेबाची नोकरी करणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, विचार करा. त्या दिवशी रात्री मी दोन पानं लिहिली.

माझी मुलगी आता दुधाच्या सुट्ट्या पैशांतही सालाखालची खूण बघते. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. वर्षभरात घरात एवढं शिक्षण झालं.

मूर्खपणाही पुष्कळ पाहिला. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो मिळतात, असं सांगणारे फोन आले. २०१२ साली निघालेलं नाणं ते, अजूनही अधूनमधून बाजारात हाती पडतं. लाख मिळण्याआधी "नोंदणीचे" म्हणून थोडे पैसे मात्र आपणच भरायचे असतात. अशा लोकांपासून सांभाळा असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये स्वतः सांगितलं, तरी धंदा चालूच आहे.

आता त्या माळेकडे येते. ती सासूबाईंच्या सासूबाईंची. बहुतेक रुपये राणीछाप, एकेक तोळ्याचे, प्रत्येकाला वर कडी झाळलेली. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरिया नुसती राणी आहे, १८७७ पासून सम्राज्ञी झाली. त्यामुळे माळेचं वय काढायला फार डोकं लागलं नाही. पण एक रुपया वेगळाच होता. जाडसर, पुरता गोल नाही, कडेला चीर गेलेली, चेहरा कुणाचाच नाही. दोन्ही बाजूंना नुसत्या वळणदार रेघा, आणि त्यांतल्या काही कडेला येऊन तुटलेल्या. याची कडी कधीतरी निघून गेली होती, झाळल्याचा काळा डाग तेवढा उरला होता. हे पान मात्र कोरं राहिलं. वजन लिहिलं, साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर. पुढं काही नाही.

ते पान भरावं म्हणून मी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याबद्दल लिहायला नको असं तुम्हाला वाटेल. पण लिहिल्याशिवाय तुमचं माप कळणार नाही. गावं आणि नावं सोडून देते.

एका सराफानं मला काही न विचारता नाणं उचललं आणि त्याची कड कसोटीवर घासली. चांदी आहे, म्हणाला. तीनशे वर्षं कुणी न काढलेली कड त्यानं एका फटक्यात काढली आणि मोडीचा भाव सांगितला. मी नाणं परत मागितलं तर म्हणाला, "वहिनी, घरी कुणी पुरुष माणूस नाही का? त्यांना पाठवा." ती पांढरी घासलेली रेघ पाहून मी घरी येऊन रडले होते. आज लिहिताना हसू येतंय, पण रडले होते.

नाण्यांच्या एका प्रदर्शनात, काचेच्या टेबलामागं बसलेल्या व्यापाऱ्यानं नाणं हातात सुद्धा घेतलं नाही. "दागिन्यातलं आहे, डाग लागलाय. कलेक्शनचं नाही हे." बरं, नसेल. पण त्यावर लिहिलंय काय, एवढंच मला हवं होतं. ते सांगायला त्याला वेळ नव्हता. मागं उभ्या असलेल्या पोराला मोहोर दाखवायला होता.

तिसरे गृहस्थ शिकलेले. इतिहास शिकवतात, व्याख्यानं देतात. त्यांनी मोबाइलवरून मान वर केली, नाणं हातभर लांबून पाहिलं आणि सांगितलं, "शिवकालीन." कशावरून, असं विचारलं तर, "अहो, अनुभव असतो." नाण्यावर फारसी अक्षरं आहेत हे मलाही कळत होतं. शिवराईवर "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" असं देवनागरीत असतं, हे आता आमच्या घरातल्या लेकरालाही माहीत आहे. पण अनुभवापुढं काय बोलायचं?

तुमच्यापर्यंत मी कशी आले, ते राहू दे. आमच्या ऑफिसात येणाऱ्या रावेरच्या एका ड्रायव्हरला देव बरं करो, एवढंच.

तुम्ही आधी हात धुऊन आलात. मग कोरडे केलेत. मग मांडीवर टॉवेल पसरलात, म्हणजे निसटलं तर फरशीवर पडायला नको. नाणं कडेनं धरलंत. आणि पहिला प्रश्न विचारलात, "ताई, शेतात सापडलंय की घरातलं?" मी म्हटलं, घरातलं, माळेतलं. "मग हरकत नाही. जमिनीत सापडलं असतं तर आधी कलेक्टरांना कळवावं लागलं असतं, १८७८ चा कायदा आहे." भाव, किंमत, विकायचंय का, यातलं एक अक्षर नाही. एवढ्या दारांतून हिंडून आल्यावर या एका प्रश्नानं माझ्या खांद्यावरचं ओझं निम्मं उतरलं.

मग तुम्ही भिंग लावलंत आणि त्या वळणदार रेघा बोलायला लागल्या. ठसा मोठा, चांदीची चकती लहान, म्हणून कडेची अक्षरं बाहेरच राहिली, हे तुम्ही समजावलंत. हातोडीच्या एका घावात जेवढं मावलं तेवढं उमटलं. हिजरी साल असंच कडेबाहेर गेलेलं. शब्द एकावर एक रचलेले, आपल्यासारखे ओळीत नाहीत. एका बाजूला बादशहाची ओळ: पौर्णिमेच्या तेजस्वी चंद्रासारखं नाणं शाह औरंगजेब आलमगीरनं जगात पाडलं. चांदीच्या रुपयावर चंद्र आणि सोन्याच्या मोहोरेवर सूर्य, असा भेदही ठेवलेला. नाणं कुणाच्याही हातात जातं, पायाखालीही येतं, म्हणून त्यानं नाण्यांवरून कलमा, म्हणजे इस्लामचं पवित्र वचन, काढून टाकला, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. दुसऱ्या बाजूला बादशहा गादीवर आल्यापासूनचं कितवं वर्ष तो आकडा, आणि सगळ्यात खाली टाकसाळ: बुऱ्हाणपूर.

बुऱ्हाणपूर ऐकून मी खुर्चीतून उठलेच. आमच्या ऑफिसातून रोज गाड्या जातात तिकडं! सरहद्द मध्ये आली म्हणून ते आता मध्य प्रदेश, एरवी फारुकी सुलतानांपासून खानदेशाची राजधानीच ती. म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंच्या गळ्यात आपल्याच मुलखातली चांदी होती, आणि मी तिची ओळख विचारायला कुठं कुठं वणवण केली!

कसोटीवर घासलेली ती पांढरी रेघ मी तुम्हाला दाखवली. तुम्ही सराफाला नावं ठेवाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही नाणं तिरपं धरलंत आणि रेघेच्या शेजारचा एक बारीक खड्डा दाखवलात. "हा बघा, हा जुन्या सराफाचा टोचा. आतून तांबं नाही ना, हे बघायला मारलाय. त्या काळीही लोक घाबरतच होते चांदीला." सराफाला मी अजूनही माफ केलेलं नाही, पण त्या खड्ड्यामुळं रेघ थोडी सहन व्हायला लागली.

वर्ष तुम्ही वाचलंत एकवीस. म्हणजे १६७७-७८. मी तिथंच तुमच्यासमोर पेनानं वहीत लिहिलं. तुम्ही नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवलीत, उमटलेला ठसा आपल्याजवळ ठेवलात, चहा पाजलात, आणि मी उड्या मारत घरी आले. गोष्ट इथं संपली असती तरी मी जन्मभर तुमची ऋणी राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते आणि सासूबाई आतून ओरडल्या, कुणी गुरुजी आलेत म्हणून. तुम्ही दारात. पांढरी टोपी, कापडी पिशवी, घामाघूम. रावेरहून पहिल्या एसटीनं सावदामार्गे आला होता. मला वाटलं काही तरी वाईट झालं. तुम्ही चप्पलही काढली नव्हती आणि म्हणालात, "ताई, तीन आहे. दोन नाही."

रात्री इशाच्या नमाजनंतर तुम्ही तो पेन्सिलचा ठसा परत काढला होता. फारसी दोनाला एक दात आणि तीनाला दोन. दुसरा दात बरोबर झाळल्याच्या डागाखाली गेलेला. भिंगातून डाग काळा दिसतो, म्हणून दिवसा फसायला झालं. कागदावर मात्र डागाचा काळेपणा उतरत नाही, नुसता उंचसखलपणा उतरतो, आणि तिथं तो दात सुईच्या टोकाएवढा उभा होता. तुम्ही पाटावर बसून माझ्या मुलीच्या पाटीवर दोन्ही आकडे काढून दाखवलेत. तिच्या हातूनही काढून घेतलेत. मास्तर तो मास्तरच.

मी म्हटलं, सर, फोन करायचा की! तुमचं उत्तर मला पाठ आहे. "फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही बरं म्हटलं असतं. पण तुम्ही माझ्यासमोर पेनानं लिहिलं होतं."

मी व्हाइटनर शोधायला उठले तर तुम्ही बसवलंत. खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे. खाली नवं लिहायचं, तारीख टाकायची. मग वही तुम्ही स्वतःकडे ओढलीत आणि त्या पानाच्या तळाशी आधी उर्दूत आणि खाली देवनागरीत लिहिलंत: "पहिलं वाचन चुकीचं. वाचणारा मी." आणि सही केलीत. पूर्ण नावाची, घाईची नाही.

सर, माझ्या वहीत वर्षभरात बरंच काही आलं. मला त्या सहीएवढं काहीच भारी वाटत नाही. ती चूक कुणाला कळणार होती? मला? माझ्या सासूबाईंना? ते पान तपासायला कोण बसलं होतं? लांबून "शिवकालीन" म्हणून मोकळे झालेल्या गृहस्थांची झोप एक मिनिटही उडाली नसेल. माझ्या ऑफिसात आकडा चुकला तर आधी व्हाइटनर लागतं, नाही तर पान फाटतं, नाही तर "हे अक्षर माझं नाही" असं ऐकू येतं. नोकरीची इतकी वर्षं झाली, चुकीखाली आपणहून सही करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आणि त्या एका दातानं काय केलं तेही लोकांना सांगते. तुम्ही पाटावर बसून सांगितलंत तेव्हा सासूबाई हातातला पोह्यांचा चमचा तसाच धरून ऐकत होत्या. एकविसावं वर्ष म्हणजे शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर होते तो काळ. एकतिसावं म्हणजे १६८७-८८. मधल्या दहा वर्षांत महाराज गेले. १६८१ च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेनं याच बुऱ्हाणपूरचा बहादुरपुरा लुटला. त्याच वर्षाच्या शेवटी औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन थडकला. विजापूर पडलं, गोवळकोंडा पडलं. आणि आमच्या माळेतला रुपया हे सगळं झाल्यावरचा, पुन्हा चालू झालेल्या पेठेतला, संभाजीराजे पकडले जाण्याच्या जेमतेम आधीचा. दोन आणि तीन यांच्या मध्ये एवढं सगळं मावलंय. ते माझ्या वहीत चुकीचं राहिलं असतं आणि पुढं माझ्या मुलीनंही तेच सांगितलं असतं.

चांगली माणसं भेटलीच नाहीत, असं मी म्हणत नाही. एक मोडवाला महिन्यातून एकदा दारावर येतो, भंगारातली नाणी माझ्यासाठी चिंधीत बांधून ठेवतो आणि तोळ्याचा भाव लावत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली बाई नाणं द्यायला तयार नव्हती, पण हातात घेऊन बघू दिलं, वजन करू दिलं, आणि आईचं नाव वहीत लिहायला लावलं. ते नाणं माझ्याकडे नाही, पान आहे. अशा माणसांना नाण्यातलं काही कळत नाही असं शहरातले लोक म्हणतात. दुसऱ्याची वस्तू हातात कशी धरायची, हे मात्र त्यांना कळतं. ज्यांना नाण्यातलं कळतं आणि हेही कळतं असे कमीच, आणि त्यातले एक रावेरला राहतात हे आमचं नशीब.

तुम्ही त्या दिवशी जेवायला थांबला नाहीत. तिकिटाचे पैसे देऊ केले तर "ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट, त्यात काय" म्हणालात. केळीचे वेफर्स घेतलेत ते सुद्धा सासूबाईंनी पिशवीत कोंबले म्हणून.

आता कामाचं. माझ्या नणंदेकडे शिरपूरला अशीच एक माळ आहे. तिच्यात बिनचेहऱ्याचे तीन रुपये आहेत, आणि एकावर फारसीबरोबर आणखी कसलीशी खूण दिसते. फुलासारखी म्हणावी तर तशी, नाही तर नुसताच ओरखडा असेल. मी काही ठरवलेलं नाही. दिवाळीला नणंद माळ घेऊन येतेय. कसोटीवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून मी तिला कुठंही दाखवू नको असं बजावलंय. तुम्हाला सवड कधी आहे ते ड्रायव्हरजवळ सांगून ठेवा. आम्हीच येऊ, तुम्ही यायचं नाही. पाटीवरचे एक ते दहा आकडे मुलीनं पाठ केलेत, तिला परीक्षा द्यायचीय.

आणि सासूबाईंचा निरोप: यायचं नाही असं ही म्हणते, पण थंडी पडली की बामणोदची वांगी येतील, तेव्हा भरीत आणि कळण्याची भाकरी खायला घरच्यांना घेऊन यायचंच. पोह्यांवर बोळवण झाली हे त्या अजून बोलून दाखवतात.

आपली नम्र,
फैजपूरची ताई